साडेबाराच्या खेळातलं गाऱ्हाणं

मी लिहिलेला एकुलता एक चित्रपट परळच्या थिएटरात एक आठवडा चालला, तोही दुपारी साडेबाराचा एकच खेळ. फारसा कुणी पाहिला नाही. पिक्चर मात्र चांगला होता, हे मी आजही छातीठोक सांगतो. वाईट असता तर तेही मीच आधी सांगितलं असतं. गिरगावात वाढलेल्या माणसाला खोट काढायला शिकवावं लागत नाही.

गोष्ट दोन मित्रांची. एक घड्याळ बघून जगणारा, दुसरा वाटेत दिसेल त्या देवळाशी आणि मासळीच्या टोपलीशी गाडी थांबवणारा. मुंबईहून निघतात आणि भांडत भांडत मालवणला पोचतात. पहिला मी. दुसरा डिलाईल रोडच्या चाळीतला माझा मित्र, एसी दुरुस्त करतो. त्याच्या व्हॅनमधून आम्ही खरंच तसे गेलो होतो. पिक्चर त्यावरच आहे हे मात्र त्याला सांगायची माझी हिंमत झाली नव्हती. लोक हसणार ते त्याच्यावर, हे लिहितानाच ठाऊक होतं. कॉलेजपासूनचा एकच मित्र, तो यापायी तुटला तर?

शेवटच्या दिवशी त्याचाच फोन आला. "काय रे, तुझा पिक्चर आज उतरतोय म्हणे. मला बोलावणार होतास की नाही?"

गेलो. आम्ही धरून नऊ माणसं. पाचच मिनिटांत त्याने स्वतःला ओळखलं. "हा येडा मीच ना रे?" म्हणाला आणि खो खो हसला. सुटलो, असं मला वाटलं.

मग घाटाचा प्रसंग आला. उतरण लागण्याआधी तो रस्त्याकडेला नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतो. प्रत्येक मागण्यानंतर सोबतच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. खऱ्या प्रवासात त्या दिवशी मी गाडीत बसून हॉर्न वाजवत राहिलो होतो, आणि मागणंही त्यानेच मागितलं, व्हयही त्यानेच म्हटलं. मला तेव्हा गंमत वाटली होती. लिहिलंही गमतीनेच.

लोक हसले. तो हसला नाही.

"गाऱ्हाणं एकट्याचं नसतं रे," तो हळूच म्हणाला. "तू होतास ना तिथे."

मला माझीच लाज वाटली. एवढा मी शहाणा, आणि एवढं साधं कळलं नव्हतं. पडद्यावर पुढचं मागणं सुरू झालं, त्याच्या तोंडून ऐकून मी जसंच्या तसं उतरवलेलं.

"माझो हो दोस्त सोबत इलो हा, तेका सुखरूप घराक पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी थिएटरात ओरडलो. पुढच्या रांगेतल्या बाई दचकून मागे वळल्या.

मित्राने पडद्यावरची नजर काढली नाही. माझ्या खांद्यावर हात टाकला.

"अजून एक मागणं बाकी आहे," तो म्हणाला. "तेव्हा पण बोल. आणि जरा जोरात."