पश्चिमेचा कोपरा

सायखेड्याहून नाशिकला कॉलेजात आलो तोवर मी बास्केटबॉल नुसता पाहिलाही नव्हता. घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकच्या पुढे गेलेलं नव्हतं. कॉलेजातल्या खेळाच्या सरांनी माझी उंची बघून मला मैदानावर ओढलं, स्वतःचे जुने बूट दिले आणि शेवटच्या वर्षी कॅप्टन केलं. त्यांचे उपकार आहेतच. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं गेली.

बचावाच्या दोन पद्धती सरांनी आमच्याकडून घोटून घेतल्या होत्या. एकीत प्रत्येकाने समोरचा एक खेळाडू धरायचा आणि तो जाईल तिथे जायचं. दुसरी झोनची. तिच्यात रिंगभोवतीची जागा वाटून घ्यायची आणि आपल्या जागेत येईल त्याला अडवायचं. मी मूठ वर केली की पहिली, पंजा उघडला की झोन. कधी बदलायचं ते सरांनी माझ्यावर सोडलं होतं.

आमचं मैदान उघड्यावरचं, सिमेंटचं. चारनंतर झोनच्या पश्चिमेकडच्या कोपऱ्यात ऊन थेट डोळ्यांत यायचं. तिथे उभं राहिलं की समोरच्याच्या हातून चेंडू कधी सुटला ते कळायचं नाही. म्हणून त्या कोपऱ्यात पाळीपाळीने उभं राहायचं, असं आम्ही पोरांनी आपापसात ठरवलं होतं. सरांना हे माहीत नव्हतं.

शेवटच्या वर्षी आमच्याच मैदानावर संध्याकाळी एक सामना होता, त्याला विद्यापीठाचा संघ निवडणारे दोघे येऊन बसले होते. आमच्या कॉलेजातून फार तर एकाला घेतील, असं सरांनी आधीच सांगितलं होतं. तो एक म्हणजे मी, नाहीतर माझा मनमाडचा मित्र. त्याचे वडील रेल्वेत खलाशी होते. विद्यापीठाकडून खेळलं तर खेळाडू म्हणून रेल्वेत चिकटता येईल, एवढ्या एका आशेवर तो पहाटे उठून धावायचा. मेसमध्ये जेवतानाही त्याचा विषय तोच.

त्या दिवशी तो सुरेख खेळत होता. समोरच्या संघातल्या सर्वांत चांगल्या खेळाडूला त्याने जखडून टाकलं होतं. माझ्या वाट्याचा खेळाडू मात्र मला लागोपाठ तीनदा चकवून गेला. तिसऱ्या वेळी निवड करणाऱ्यांपैकी एकजण दुसऱ्याच्या कानाशी वाकला. ते मी पाहिलं आणि पंजा उघडला.

कारण तयार होतं. मित्राचे चार फाऊल झाले होते, पाचव्याला तो बाहेर गेला असता. पण कोपऱ्याची पाळी माझी होती.

"तुझे चार झालेत. कोपरा तू धर, तिकडे कुणी अंगावर येत नाही," मी म्हणालो.

"आज तुझी पाळी हाय ना?"

"मॅच बघ आधी."

तो कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

तिथे ऊन डोळ्यांत येतं, हे समोरच्यांनी लगेच ओळखलं. चेंडू पुन्हा पुन्हा त्याच कोपऱ्यात येऊ लागला आणि त्याच्या डोक्यावरून रिंगमध्ये जाऊ लागला. एकदा तर त्याने कपाळावर आडवा हात धरला, तेवढ्यात बास्केट झाली. मी मधोमध, तिथे ऊन डोळ्यांत येत नव्हतं. हुकलेले चेंडू बोर्डावरून माझ्याच हातात पडत होते. आम्ही दोन गुणांनी जिंकलो.

यादीत माझं नाव आलं. त्याने मला मिठी मारली आणि म्हणाला, "बरं केलंस कॅप्टन, नायतर मी पाचव्या फाऊलवर बसलो असतो." हे तो मनापासून म्हणाला की नाही, मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या घरी गेलो. झोन लावायला नको होता, असं म्हणालो. सर हसले. झोनमुळेच तर जिंकलो, तुझ्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं, असं त्यांनी सांगितलं. कोपऱ्याची पाळी माझी होती, हे पुढचं वाक्य माझ्या ओठांवर होतं. सरांनी विचारलंही, "मग चुकलं कुठे?"

"काही नाही, सर," मी म्हणालो.

सरांच्या पत्नींनी चहा आणला, तो मी प्यायलो. विद्यापीठाचं सर्टिफिकेट पुढे नोकरीच्या अर्जाला जोडलं, मुलाखतीत त्याबद्दल विचारलं गेलं आणि नोकरी लागली. मित्र परीक्षेनंतर मनमाडला गेला आणि एका आडत्याच्या दुकानात हमालांवर देखरेख करायला लागला. त्याची दोन पत्रं आली. मी एकाचंही उत्तर लिहिलं नाही.