बिनघोड्याचं रिव्हॉल्वर

किस्से गोळा करायला कुठं हिंडावं लागत नाही. आपण एका जागी बसून राहायचं, किस्से आपल्या पायांनी चालत येतात आणि वर चहासुद्धा मागतात! मी मंचरला एका बंदुकांच्या दुकानात काउंटरवर बसतो. लोकांना वाटतं, अशा दुकानात पिळदार मिशांची माणसं येत असतील. आमच्याकडं येतात ते टोमॅटोवाले, उसवाले आणि त्यांच्याबरोबर सल्ला द्यायला आलेले चार पावणे.

कपड्याच्या दुकानात माणूस सकाळी ठरवतो आणि दुपारी पिशवी घेऊन घरी जातो. आमचं गिऱ्हाईक लायसनसाठी हेलपाटे घालून घालून चपला झिजवून आलेलं असतं. तेवढ्या काळात त्यानं ती वस्तू मनातल्या मनात इतक्यांदा हाताळलेली असते की विचारू नका. मग खरी वस्तू पहिल्यांदा तळहातावर आली की तो जे बोलतो, ते ऐकायला मी पगाराशिवायसुद्धा बसेन. हे शेठना सांगू नका!

यंदा आमच्याकडं एक नवं रिव्हॉल्वर आलं. एवढंसं, हलकं, मुठीला रबर. आणि मुख्य म्हणजे त्याला घोडा नाही. नेहमीच्या रिव्हॉल्वरला मागच्या अंगाला अंगठ्यानं ओढायचा खटका असतो, त्याला घोडा म्हणतात; त्यावरनं सबंध रिव्हॉल्वरलाही लोक घोडाच म्हणतात. खिशातून काढताना अडकू नये म्हणून कंपनीनं तो आतच लपवून टाकलाय. कंपनीनं डोकं लावलं खरं, पण कंपनीनं आमचा तालुका बघितलेला नव्हता!

* * *

ते पहिल्यांदा हातात घेतलं अवसरी बुद्रुकच्या बबनभाऊंनी.

बबनभाऊंचं घर उसाच्या मधोमध. बिबट्याचं नवल आमच्याकडं कुणालाच राहिलेलं नाही, पण यांच्या ओट्यावरनं बिबट्यानं कुत्रं उचललं आणि भाऊंची झोप उडाली. लायसन झालं होतं. अडचण एकच होती, मंगलवहिनी. वहिनींनी सरळ सांगितलं होतं, "ती वस्तू घरात आली, की मी आन्याला जानार. आन् न्यायाला यायचं न्हाई." आणे हे त्यांचं माहेर. तिथं त्यांचे भाऊ अजून मेंढरं राखतात. वहिनी एकदा बोलल्या की तसंच करतात, हे बबनभाऊंना चांगलं ठाऊक होतं. इकडं बिबट्या आणि तिकडं बायको, असा माणूस मधल्या मधे अडकला होता. मला तर त्यांची फार दया यायची.

तर बबनभाऊंनी दाराशी चपला काढल्या, काउंटरला हात लावून नमस्कार केला. शेठनी रिव्हॉल्वर उघडून, रिकामं आहे हे दाखवून त्यांच्या हातात दिलं. भाऊंनी तळहात दोनदा वरखाली केला. तोंड पडलं.

"लई हलकं हाय, राव!"

"भाऊ, हलकं आहे हाच तर त्याचा गुण."

"उद्या कांदा हलका निघाला तर त्यालाबी गुणच म्हनचाल का?"

शेठ कॅटलॉग वाचून दाखवायला लागले. पण छापील वजनावर भाऊंचा विश्वास बसेना. शेवटी शेजारच्या किराणावाल्याला त्याचा काटा घेऊन दुकानात बोलावलं. तो बिचारा वाण्याचा काटा घेऊन आला, रिव्हॉल्वर ठेवलं, आकडा बघितला, दोन्ही बाजूंनी खात्री केली आणि सवयीनं शेठना विचारलं, "पिशवीत देऊ, का कागदात गुंडाळू?"

* * *

एक तरुण पुढारी आले. पांढरा शर्ट, पांढरे बूट, बरोबर तीन पोरं. नाव सांगत नाही, कारण तुम्ही त्यांचे फ्लेक्स रोज बघता.

त्यांनी नवं रिव्हॉल्वर घेतलं, कंबरेला लावलं, वर शर्ट सोडला आणि आरशात डावीकडनं, उजवीकडनं बघितलं.

"शेठ, ह्ये तर दिसतच नाय!"

"तेच तर, साहेब. शर्टाखाली कुणाला पत्ता लागत नाही."

पुढाऱ्यांनी शर्ट वर केला, रिव्हॉल्वर काउंटरवर ठेवलं आणि खऱ्या दुःखानं म्हणाले, "मंग घ्यायची कशाला?"

* * *

पुढच्या खेपेला बबनभाऊंनी वडिलांना आणायचं ठरवलं. आबांना कान कमी आणि बैलगाड्यांचा नाद जास्ती. भाऊंनी घरातनं निघताना त्यांना ओरडून सांगितलं, "आबा, घोडा बघाया चाललोय, येताव का?"

आता आमच्या भागात शर्यतीच्या घाटात, म्हणजे बैलगाडे पळवायच्या मैदानात, बैलांच्या पुढं घोडी पळते, हे लहान पोरालाही माहीत असतं. घोडी चांगली असली की मागचे बैल जीव खाऊन धावतात. आबांनी पटका बांधला, बरोबर दावं घेतलं आणि मोटरसायकलवर मागं बसले.

दुकानात आल्या आल्या त्यांनी मला विचारलं, "मागच्या अंगाला बांधलाय व्हय?"

"काय, आबा?"

"घोडा! दाताला किती हाय?"

शेठनी हसू दाबत रिव्हॉल्वर काढून समोर ठेवलं. बबनभाऊंनी कानाशी जाऊन समजावलं की घोडा म्हणजे हे. आबांनी चष्मा लावला, वाकून चारी बाजूंनी पाहिलं. जुन्या बंदुका त्यांनी बघितलेल्या होत्या, खटका कुठं असतो ते त्यांना बरोबर ठाऊक होतं.

"आन् ह्याचा घोडा कुटाय?"

"ह्याला घोडा नाही, आबा. नवं डिझाईन आहे!"

आबा मुलाकडं वळले. मग दावं खांद्यावर टाकून म्हणाले, "घोडी पुढं पळाल्याबिगार बैल पळत न्हाई. आन् ह्ये येडं बिनघोड्याची गोळी पळवाया निघालंय!"

त्या दिवसापासून दुकानात त्या मॉडेलचं खरं नाव कुणीच घेत नाही. परवा शेठ खुद्द कंपनीच्या माणसाला फोनवर म्हणाले, "बिनघोड्याचे अजून दोन पाठवा." पलीकडनं त्यानं दोनदा विचारलं, "कशाचे?"

* * *

तिसऱ्या खेपेला भाऊ एकटेच आले आणि मुद्द्याचं बोलले.

"शेठ, म्या ट्रॅक्टर घेतला तवा कंपनीवाल्यानं माज्या रानात नांगरून दावलं. पटलं मंग घेतला. तुमी एक बार काढून दावा की!"

"भाऊ, हे दुकान आहे. वरच्या मजल्यावर घरमालक राहतात."

भाऊंनी मान वर करून छताकडं बघितलं. थोडा विचार केला.

"मंग त्यास्नी घडीभर खाली बोलवा!"

* * *

बिनघोड्याचं पहिलं विकलं गेलं ते एका द्राक्षवाल्या पावण्यांना. पावणे घरची सगळी मंडळी घेऊन आले होते. बायकोच्या हातात ताम्हण, बहिणीच्या हातात पेढे. काउंटरवरच पूजा मांडली. हळद, कुंकू, फूल. कुंकवाची चिमूट नळीत जाणार तेवढ्यात शेठनी वरच्यावर पावण्यांच्या बायकोचा हात धरला, म्हणून कंपनीची अब्रू वाचली.

नारळ बाहेर पायरीवर फोडला. पेढे वाटले. सगळं झाल्यावर पावण्यांनी खिशातनं लिंबू-मिरची काढली. गाडीला पुढं बांधतात, घराला दारात बांधतात. इथं कुठं बांधायची, ते कुणालाच कळेना. पावण्यांनी वस्तू फिरवून फिरवून पाहिली, तेवढ्यात त्यांना चापाभोवतालची गोल कडी दिसली. चेहरा एकदम फुलला.

"बगा शेठ! कंपनीनं आधीच सोय करून ठिवलीय!"

शेठनी त्या दिवशी दुपारचं जेवण केलं नाही.

* * *

बबनभाऊंचं मन मात्र जड वस्तूवरच बसलं होतं. "हातात घेतली की कळलं पायजे, कायतरी घेतलंय," हा त्यांचा हेका. शेठनी वैतागून जुनं, चांगलं वजनदार रिव्हॉल्वर काढलं, कातडी कव्हरात घातलं आणि म्हणाले, "हे लावून जरा चालून दाखवा."

भाऊंचा वेष म्हणजे पांढरा पायजमा आणि वर सदरा. पट्टा कुठला असणार? कव्हर अडकवलं नाडीला. भाऊंनी छाती काढली आणि काउंटरपासून दारापर्यंत मोठ्या ऐटीत निघाले. दाराशी पोचले ते भाऊ आणि सदरा. पायजमा वाटेतच थांबला!

नेमका समोर किराणावाला उभा. भाऊंनी एका हातानं पायजमा, एका हातानं कव्हर सावरलं आणि मागं वळून म्हणाले, "शेठ, त्ये हलकंच ब्येस हाय!"

मग शेठना जरा धीर आला. त्यांनी बिनघोड्याचं रिकामं रिव्हॉल्वर भाऊंच्या हातात दिलं आणि समजावलं, "बिबट्याला मारायचं नाही हं, भाऊ. सरळ आत जाल."

"मला कुटं मारायचाय? त्याला फकस्त कळलं पायजे, हितं बबन राहतो म्हनून."

"बरं. समजा तो समोर बांधावर बसलाय. काय कराल?"

भाऊंनी एक पाय पुढं टाकला, हात ताठ केला, श्वास रोखला आणि दोन्ही डोळे गच्च मिटले.

"अहो, डोळे उघडा!"

"उघडं ठिवलं तर त्यो दिसतो ना!"

"बरं, मिटलेले राहू द्या. पुढं काय?"

त्यावर बबनभाऊंनी मिटल्या डोळ्यांनी, सगळा बाजार ऐकेल अशी आरोळी ठोकली, "मंगल! ये मंगल!"

* * *

आणि एका सकाळी मंगलवहिनी स्वतःच दुकानात आल्या. पुढं वहिनी, मागं बबनभाऊ. शेठ उठून उभे राहिले. मी मनात म्हटलं, संपलं, आज भाऊंचा निकाल लागणार.

"दावा बरं त्ये काय हाय," वहिनी म्हणाल्या. "ह्ये आठवड्याला हितं येत्यात. मला वाटलं सोनं-बिनं हाय का काय."

शेठनी रिव्हॉल्वर उघडून रिकामं दाखवलं आणि अदबीनं पुढं ठेवलं. "घ्या वहिनी, धरून बघा. हाताला बसतंय का ते महत्त्वाचं."

वहिनींनी पदराला हात पुसला आणि रिव्हॉल्वर उचललं. पहिल्यांदा धरणारे मी पुष्कळ पाहिलेत. कुणी विंचू धरल्यासारखं लांब धरतो, कुणाला उगाच चेव येतो. वहिनींनी कोयता धरावा तसं ते धरलं. रोजच्या धारा काढून मनगट तयार झालेलं, हात जरासुद्धा हलला नाही. खरं सांगतो, मला कौतुक वाटलं.

"बसतंय की हाताला," त्या म्हणाल्या.

बबनभाऊंना आधी खरंच वाटेना. मग एकदम उजळले. "मंग घ्यायचं?"

"थांबा जरा." वहिनी शेठकडं वळल्या. "शेठ, मी पहाटं धारंला जाते तवा अंधार असतोय. वाटंच्या दोनी अंगांनी ऊस. एका हातात बादली असती, एका हातात बॅटरी. ह्ये कंच्या हातात धरू?"

शेठनी कॅटलॉग माझ्याकडं सरकवला. मुठीचं रबर, आतला घोडा, हलकी बॉडी, सगळं त्यांना पाठ होतं, पण त्यात बादली कुठंच नव्हती. मी पानं उलटल्यासारखं केलं.

"तुमी धारंला जानार असताव तर गोष्ट येगळी," वहिनी आता नवऱ्याकडं बघून बोलत होत्या. आवाज जरा खाली आला होता. "मी म्हायेरी जाते म्हनले, त्ये काय ह्या लोखंडाला भिऊन न्हाई. कुत्रं गेल्यापासनं तुमाला झोप न्हाई, म्हनून पहाटं निदान दारापत्तुर येताव. तितनं हाका मारताव, मंगल, पोचलीस का. उद्या ह्ये उशाला आलं की तुमी निवांत घोरनार. आन् अंधारात मी एकलीच."

बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. बबनभाऊंनी पायाच्या अंगठ्याकडं बघितलं. मग अगदी हळू म्हणाले, "मंगल, बादली मी धरतो की."

वहिनींनी रिव्हॉल्वर काउंटरवर ठेवलं, अलगद शेठकडं सरकवलं आणि पदर खोचत म्हणाल्या, "मंग आधी ती धरून बगा. हाताला बसती का!"