कंपनीचा रंग

खुर्चीत बसण्याआधी काका खांद्यावरचा टॉवेल काढायचे, दोनदा झटकायचे आणि खुर्चीच्या पाठीवर अंथरायचे. मग हळूच टेकायचे. "डाग पडंल बाबा तुज्या खुर्चीला," म्हणायचे. अहो, सलूनची खुर्ची ती! तिच्यावर काय काय सांडलेलं असतं ते गिऱ्हाइकाला कळलं, तर कुणी बसायचंच नाही. पण काकांना हे सांगून उपयोग नव्हता.

सालवडच्या नाक्यावर माझं दुकान आहे. बोईसरच्या कारखान्यांतली निम्मीअधिक डोकी माझ्या हाताखालून गेलीत. तुमच्याही ओळखीचं एखादं असेल त्यात. काका चिंचणीचे. घरची होडी विकली आणि कपड्यांचे रंग बनवणाऱ्या एका कंपनीत पावडर भरायच्या कामाला लागले. ती पावडर उडते, अंगावर बसते. काळ्या केसांवर दिसत नाही, पण काकांचे केस लवकर पिकलेले. सोमवारी गुलाबी, गुरुवारी पिवळे. दुकानात बसलेली परप्रांतीय पोरं ओरडायची, "चाचा, आज कौन सा माल चल रहा है?" सगळे हसायचे. काकाही हसायचे, पण कान लाल व्हायचे. तो लाल मात्र कंपनीचा नव्हता.

म्हणून काका केस काळे करायचे. लोकांना वाटायचं, म्हातारा या वयात शौकीन निघाला! रंग झाकायला रंग लावणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

आता माझं म्हणणं ऐका. काळे केलेले केस जपावे लागतात. दोन दिवस डोक्याला साबण नको, कढत पाणी नको, पुढे धुवायच्या आदल्या रात्री खोबरेल चोळावं. काका काय करायचे? सुट्टी झाली की कंपनीच्या नळाखाली बसून कपडे धुवायच्या पावडरने डोकं घासायचे! केसांचा पार काथ्या झालेला. मी चिडायचो. "काका, डोकं आहे का बादली?"

"तू बोलतोस ते खरं हाय रे," ते म्हणायचे. "पन तसाच घरी गेलो तर उशी रंगते. सून रोज अभ्रा धुते. काय बोलत नाय बिचारी, पन लाज आपल्याला वाटते."

ही लाज त्यांच्या अंगात मुरलेली होती. रिक्षात टेकून बसायचे नाहीत. लग्नाला गेले तर मांडवाच्या कडेला उभे. पालघरला दिलेली मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, घरात नात जन्मली, आणि काकांनी तिला हात लावला नाही. लांबून बघायचे. मुलगी म्हणायची, "बाबा, घ्या ना." हे म्हणायचे, "बारशाला घेईन. आंग साफ करून घेईन."

बारसं जवळ आलं तसे काका माझ्याकडे आले. टॉवेल अंथरला, बसले. "भाऊ, या टायमाला असा लाव की एक थेंब उतरायला नको. व्याही येनार हायत."

मी म्हटलं, "त्यापेक्षा सरळ तुळतुळीत करू या की! कटकटच नको."

काका दचकले. "बारशाला टक्कल? व्याही इचारतील, कोन मेला?"

बरोबरच होतं त्यांचं. मी चांगला रंग आणला, आधी कानामागे लावून बघितला, मग बैजवार बसवला. काकांनी कामावर रजा टाकली होती. मी बजावलं, "आता डोकं धुवायचं नाही. माझी शपथ आहे." त्यांनी आरशात पाहिलं. लग्नाला निघालेल्या नवरदेवासारखे दिसत होते. मलाही आमंत्रण दिलं.

बारशाच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. मांडवात शिरलो आणि काकांना पाहिलं. केस तांबूस, विटलेले. मी बाजूला घेऊन विचारलं, "धुतलंत ना?"

"भीती वाटली रे," ते पुटपुटले. "एखादा कन राहिला असंल तर? म्हनून सकाळी घासलं. दोनदा."

तेवढ्यात बायका म्हणाल्या, "आजोबांकडे द्या पोरीला!" काकांनी टॉवेलला हात पुसले आणि नातीला उचललं. काय सांगू, तो चेहरा मी तोवर पाहिलाच नव्हता. ते खाली वाकले, तिचं नाव तिच्या कानात बोलले. आणि घामाची धार कपाळावरून आली. गुलाबी. माझा काळा गेला होता, कंपनीचा राहिला होता. टप टप दोन थेंब पांढऱ्या झबल्यावर पडले.

विहीणबाई किंचाळल्या, "अगो बाय, रक्त! डोकं फुटलं काय यांचं?"

मांडवातले सगळे धावत जवळ आले. आणि काकांना ते सगळ्यांसमोर मोठ्याने सांगावं लागलं. "रक्त नाय. रंग हाय. कंपनीचा."

मुलगी म्हणाली, "असू दे बाबा, धुतलं की जाईल." व्याहीही म्हणाले, "त्यात काय एवढं?" पण काकांनी पोरीला तिच्या आईकडे दिलं आणि मागच्या दाराने निघून गेले. जेवायलाही आले नाहीत. मीही ताटावर नुसता बसून राहिलो.

त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. काम सोडल्याचं कळलं. परवा, चारेक वर्षांनी, सुके बोंबील घ्यायला चिंचणीला गेलो तेव्हा त्यांच्या घरी डोकावलो. काका ओट्यावर बसले होते. केस मिठासारखे पांढरे, कुठे गुलाबी छटासुद्धा नाही. पण पाठ भिंतीला टेकलेली नव्हती.

नात आईबरोबर आली होती. धावत आली, दोरीवरचा टॉवेल ओढला, आजोबांच्या मांडीवर अंथरला, कोपरे नीट केले आणि मग वर बसली.

"काका, आता कसला डाग पडणार?" मी म्हटलं.

"मी नाय सांगत तिला," ते हळूच म्हणाले. "आदी मीच घालायचो. आता तीच घालते."

मी पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढला. "ये गं, माझ्याकडे बस." पोरगी उठली, माझ्यापर्यंत आली आणि माझ्या मांडीकडे बघत उभी राहिली.

"तुमचा टॉवेल कुठं हाय?"

काकांनी तोंड समुद्राकडे फिरवलं. मी खिशातला रुमाल काढला आणि मांडीवर अंथरला.