धुंधुरमासातली भरती

लगन सुरू झालं की आमच्या बँडमध्ये कावीळ पसरायची. लगन म्हणजे लग्नसराई; बनारसच्या मराठी घरांतही आम्ही तिला लगनच म्हणतो. मी तिथल्या पोलीस लाइनीत बँडमास्तर होतो. वैशाख लागला की कॉर्नेटवाल्या शिपायाला कावीळ व्हायची, ट्रॉम्बोनवाल्याची पाठ धरायची, आणि ढोलवाल्याची आजी तर दरवर्षी नेमाने वारायची. ते अर्ज वाचून मी चिडायचो, आदळआपट करायचो आणि शेवटी सही करायचो. आजारी माणसाला 'वाजव' म्हणून कसं सांगणार?

एका वैशाखात दूधविनायकच्या आमच्या गल्लीत शेजाऱ्यांच्या मुलीचं लग्न होतं. वरात गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा मी आणि बायको पाहुण्यांच्या स्वागताला उभे होतो. सगळ्यात पुढे भाड्याचा बँड. आणि त्या बँडच्या पुढे, सोनेरी झालरीचा लाल कोट घालून, टोपीत तुरा खोवून, माझा कावीळवाला शिपाई. त्याने मला पाहिलं. मला वाटलं, आता हा पळेल. पण त्याने सूर सोडला नाही. उजव्या हाताने कॉर्नेट वाजवत राहिला आणि डाव्या हाताने मला कडक सलाम ठोकला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायको मात्र तोंडाला पदर लावून हसत होती.

"अहो, रागावताय कसले? पाय बघा आपला."

मी पाहिलं. माझा पाय ठेका धरत होता. खरं सांगायचं तर तोपर्यंत मी त्या माणसाला असं वाजवताना ऐकलंच नव्हतं. परेडवर तो सूचना वाचून दाखवल्यासारखा वाजवायचा. इथे त्याने सगळी गल्ली नाचवली होती. दुसऱ्या दिवशी मी त्याला फक्त तब्येत विचारली. "ठीक है साहब, रात में उतर गया," तो म्हणाला आणि कामाला लागला.

हे झालं असलेल्यांचं. नव्यांची कथा आणखी निराळी. दर वर्षी पोलीस लाइनीच्या मैदानावर भरती व्हायची. उंची मोजायची, छाती फुगवून मोजायची, मग मैदानाला फेऱ्या मारायला लावायच्या. बँडचा शिपाई झाला तरी शिपाईच, त्यामुळे पळण्यातून त्याचीही सुटका नव्हती. बनारसमध्ये वाजवणारे गल्लीगल्लीत. पण जो वाजवायचा तो पळायचा नाही, आणि जो पळायचा त्याने आयुष्यात पिपाणीही हातात धरलेली नसायची. खेड्यापाड्यांतून आलेली ती दणकट पोरं पहिल्या नंबराने पास व्हायची आणि माझ्या पदरात पडायची. मी त्यांना सा कुठे आणि रे कुठे इथपासून शिकवायचो. जरा राष्ट्रगीत सुरात वाजायला लागलं की त्यांची ठाण्यात बदली झालेली असायची, कारण ठाण्यात रुबाब होता आणि बँडमध्ये नुसते फुगलेले गाल. जे खरंच चांगले तयार व्हायचे त्यांना लग्नाचे बँडवाले पळवायचे. काही जुने निवृत्त झाले. एक वेळ अशी आली की बँडमध्ये माणसांपेक्षा वाद्यं जास्त झाली.

दिवाळी झाली आणि कप्तानसाहेबांनी मला बोलावलं. आमच्याकडे जिल्ह्याच्या पोलीस प्रमुखाला कप्तान म्हणतात. माणूस सज्जन, बोलणं मोजकं.

"मास्टर साहब, छब्बीस जनवरी तक बैंड पूरा कीजिए। नहीं हुआ तो लखनऊ वाले इसे तोड़ देंगे। बाजे दूसरे ज़िले को चले जाएँगे।"

"और मैं, हुज़ूर?"

"आप मालखाना देखिएगा।"

मालखाना म्हणजे जप्त केलेल्या मालाची कोठी. चोरीच्या सायकली, दारूची पिंपं आणि उंदीर. माझे वडील वैदिक होते, घाटावर त्यांचा स्वच्छ खणखणीत आवाज ऐकायला लोक थांबायचे. त्यांचा मुलगा वेद सोडून कॉर्नेट फुंकायला लागला म्हणून ते वर्षभर माझ्याशी बोलले नव्हते. एवढं सगळं ज्याच्यासाठी सोसलं तो बँड जाणार आणि मी सायकली मोजत बसणार, या विचाराने माझं जेवण उडालं. कप्तानसाहेबांनी एक सवलत दिली: बँडसाठी वेगळी भरती घेऊ, तारीख तुम्ही सांगा. पण पळणं माफ होणार नाही.

तारीख काय सांगणार, कप्पाळ? तेव्हाही लगन चालू होतं, आणि मी ज्या ज्या वाजवणाऱ्याला विचारलं तो रात्रभर वराती वाजवून दिवसा घोरत पडलेला. एकजण तर उठून बसला, माझं सगळं ऐकून घेतलं, 'जी' म्हणाला आणि तसाच परत आडवा झाला.

मग धुंधुरमास लागला. आमच्या घरात बनारसमध्ये कैक पिढ्या गेल्या, मराठीत निम्मी हिंदी घुसली, पण धुंधुरमासाची पहाटेची जेवणं सुटली नाहीत. सूर्य उगवायच्या आत मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, आणि रामनगरच्या थोराड वांग्याचं भरीत. त्या दिवशी मी बालाजी घाटावर अंघोळ करून धुक्यातून घरी येत होतो. गल्लीच्या कोपऱ्यावर शेकोटी पेटली होती आणि तिच्याभोवती लग्नाच्या बँडची मंडळी बसली होती. पहाटे, जागी, रिकामी. त्यांच्यात एक गलेलठ्ठ क्लॅरिनेटवाला होता. सगळ्या शहरात त्याच्यासारखी फुंक कोणाची नव्हती. तो कोटाची सोनेरी झालर शिवत बसला होता.

"आज काम नहीं?" मी विचारलं.

"खरमास लग गया, मास्टर साहब। अब संक्रांत तक कौन बियाह करेगा? महीना भर बैठकी।"

मी जागच्या जागी उभा राहिलो. सूर्य धनु राशीत असतो तो महिना. आमचा धुंधुरमास तोच त्यांचा खरमास. जन्मभर मी या महिन्यात लोणी-भाकरी खात आलो आणि याच महिन्यात शहरातला एकूण एक वाजवणारा मोकळा असतो हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. खात्याच्याही आलं नाही. खातं भरती ठेवायचं ती नेमकी भर वैशाखात! रात्रभर वाजवून आलेला माणूस दुपारच्या उन्हात काय पळणार?

घरी येऊन बायकोला हे सांगताना मी इतके हातवारे करत होतो की भरीत सांडलं.

"अगं, संक्रांतीच्या आधी भरती ठेवायची. पण पळायचं कसं त्यांनी? तो क्लॅरिनेटवाला तर जिना चढताना बसतो."

"मग पळवा की रोज. आणि पळून आले की इथे जेवायला आणा. भुकेला माणूस पळतो."

सगळ्यांना गोळा करायचं काम मी कावीळवाल्या शिपायावर टाकलं. शिक्षा म्हणून त्यालाही पळायला लावलं. क्लॅरिनेटवाला सहजी ऐकेना. "दौड़ब हमसे ना होई," तो म्हणाला. मग कळलं की त्याचं लग्न ठरता ठरता मोडलं होतं. शेकडो नवरदेव त्याने मांडवापर्यंत पोचवले, पण मुलीच्या बापाला बँडवाला जावई नको होता, सरकारी नोकर हवा होता. शिपायाने त्याला एवढंच सांगितलं की पोलिसाचा बँड म्हणजे बँडही आणि सरकारही. दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी घाटावर हजर.

आम्ही नावेतून गंगेपलीकडे जायचो. थंडीत तिकडे नुसती वाळू असते आणि बनारसी माणूस व्यायामाला, गप्पांना, उगाचच, तिकडे जात असतो. पहिल्या दिवशी मी शिटी फुंकली आणि मंडळी धावली. धुक्यात दिसेनाशी होण्याआधीच निम्मी वाळूत बसली. क्लॅरिनेटवाला आडवा झाला आणि म्हणाला, मला इथेच राहू द्या. मी ओरडलो, शिव्या घातल्या, मराठीतल्याही घातल्या. उपयोग शून्य. शेवटी शिपाई वैतागला. त्याने पिशवीतून कॉर्नेट काढलं आणि वरातीची धून सुरू केली.

आणि ती माणसं उठली. कोणी काही सांगितलं नव्हतं. त्यांच्यातल्या एका ढोलवाल्याने नावेच्या फळीवर ठेका धरला आणि मंडळी ठेक्यात पावलं टाकत पळायला लागली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे लोक रात्र रात्र शहरभर चालतात, ओझी घेऊन, फुंकत. त्यांच्या पायांत दम होताच. त्यांना नुसत्या शांततेत पळता येत नव्हतं. मी इतका हसलो की नावाड्याला वाटलं, मास्तरांना थंडी बाधली.

महिनाभर असं चाललं. पळून आलेली टोळी आमच्या अंगणात बसायची. त्यात हिंदू होते, मुसलमान होते. वडील हयात असते तर पंगत बघून घरात वादळ झालं असतं. बायकोने सगळ्यांना, मलासुद्धा, एकाच सतरंजीवर बसवलं आणि विषय संपवला. बाजरीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा पाहून क्लॅरिनेटवाला पहिल्यांदा जरा बिचकला. चौथ्या दिवशी तो चुलीजवळ गेला आणि रिकामी थाळी पुढे करून म्हणाला, "माताजी, ऊ भरता अउर बा?" बायको त्याला 'पिपाणी' म्हणायची आणि त्याच्यासाठी वेगळं वांगं भाजायची. इतकी गजबजलेली सकाळ त्या घराने माझ्या आठवणीत कधी पाहिली नव्हती. मी फार सुखात होतो.

संक्रांतीच्या तोंडावर भरती झाली. धुकं होतं. कप्तानसाहेब खुर्चीवर, शेजारी घड्याळ घेऊन लाइनीचा इन्स्पेक्टर. उंची झाली. छातीच्या मोजणीला इन्स्पेक्टरची टेपच पुरेना. क्लॅरिनेटवाल्याने छाती फुगवली तेव्हा बटण तुटून टेबलावर पडलं. मग सगळे रेषेवर उभे राहिले आणि मी कॉर्नेट घेऊन मैदानाच्या कडेला गेलो. मागे माझा उरलासुरला बँड.

"हुज़ूर, दौड़ में बाजा?" इन्स्पेक्टर म्हणाला. "ये कैसे होगा?"

कप्तानसाहेबांनी जरा विचार केला. "नियम में लिखा है कि दौड़ चुपचाप होगी?"

"लिखा तो नहीं है।"

"तो बजाइए, मास्टर साहब।"

पोलिसांची वर्दी अंगात असताना मी जन्मात पहिल्यांदा वरातीची धून वाजवली. पोरं निघाली. पहिली फेरी झकास, दुसरीही बरी. शेवटच्या फेरीत क्लॅरिनेटवाला मागे पडला. त्याचा चेहरा लाल झाला, पावलं अडखळली, इन्स्पेक्टर घड्याळाकडे बघत होता. तो एकटा गेला तरी बँड अपुरा राहणार होता. मी मागच्या कावीळवाल्या शिपायाकडे पाहिलं. त्याने मान हलवली. आम्ही लय चढवली, वरात मांडवाच्या दारात पोचते तेव्हा चढवतात तशी. त्या माणसाने आयुष्यभर ती लय ऐकली की पुढे सरायचंच शिकलेलं होतं. तो पुढे आला, रेषा ओलांडली आणि थेट कप्तानसाहेबांच्या पायांशी बसला.

"पास," इन्स्पेक्टर म्हणाला. "बाल-बाल।"

कप्तानसाहेबांचा बूट मघापासून ठेक्यात हलत होता हे मी पाहिलं होतं.

सव्वीस जानेवारीला बँड पूर्ण होता. निम्म्यांच्या अंगात उसन्या वर्द्या होत्या. क्लॅरिनेटवाल्याला बसेल अशी वर्दी जिल्ह्यात नव्हती, म्हणून एका वर्दीची पाठ उसवून बायकोने रात्रीतून जोड लावून शिवली. पावलं जरा मागेपुढे पडली, पण वाजवलं असं की लखनऊहून आलेल्या साहेबांनी संपल्यावर पुन्हा एकदा वाजवायला सांगितलं. वाद्यं कुठे गेली नाहीत. मालखान्याचे उंदीर मला मुकले.

माणसं टिकवायची कशी हा प्रश्न उरलाच होता, कारण पुढे लगन होतं. मी कप्तानसाहेबांना स्पष्ट सांगितलं की हे लोक वरातीत वाजवणारच. आपण त्यांना आजारी पाडतो एवढंच. मग पाळीपाळीने उघड सुट्टी देण्याचं ठरलं. त्यानंतर ढोलवाल्याची आजी एकदाही वारली नाही. मीच एकदा तिला भेटलो, ठणठणीत होती.

वैशाखात मात्र एकाच दिवसाच्या सुट्टीसाठी सगळा बँड रांगेत उभा राहिला. त्या दिवशी क्लॅरिनेटवाल्याचं लग्न होतं. त्याच मुलीशी. मी सगळ्यांच्या सुट्ट्या कप्तानसाहेबांपुढे ठेवल्या आणि वर माझीही ठेवली.

"आपको क्या हुआ?" त्यांनी विचारलं.

"पीलिया, हुज़ूर," मी म्हणालो. आमच्या बँडची ही वैशाखातली कावीळ त्यांना माझ्याकडूनच ठाऊक झाली होती.

संध्याकाळी लाल कोट घालताना पोटावर बटणं लागेनात. बायको पिना टोचत होती आणि हसत होती. वरात निघाली. मागे घोड्यावर क्लॅरिनेटवाला, जन्मात पहिल्यांदाच रिकाम्या हाताने, बोटं चाळवत बसलेला. पुढे सगळा पोलीस बँड भाड्याच्या सोनेरी झालरींत, आणि त्याच्याही पुढे कॉर्नेट घेऊन मी. मांडवाच्या दारात पाहुण्यांमध्ये कप्तानसाहेब साध्या कपड्यांत उभे होते. त्यांनी मला पाहिलं. मी सूर सोडला नाही. उजव्या हाताने वाजवत राहिलो आणि डाव्या हाताने त्यांना कडक सलाम ठोकला.