एका फेऱ्याला किती डिग्री
१९५६ साली आलापल्लीजवळच्या एका आरागिरणीत सागाच्या फळ्या सुकवायची वाफेची भट्टी आली आणि नूरुद्दीन मिस्त्रीच्या गळ्यात पडली. वाफेची चाकी एक फेरा उघडली की आत किती डिग्री वाढेल, हे कुणालाच सांगता येईना. वाढ कळायला तीन तास लागत.

नूरुद्दीनची रीत साधी. चार डिग्री धरायचे, तीनच वाढले तर दुसऱ्या दिवशी पावणेचार धरायचे. रोजच्या चुकीइतका थोडा अंदाज हलवायचा.

ओव्हरसियर गुणवंतराव पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक आकडा वहीत लिहीत आणि सगळ्यांचा मिळून हिशेब काढत. आठ दिवसांत त्यांनी सांगितलं, "फेऱ्याला तीन डिग्री." नूरुद्दीनला तिथं पोचायला वीस दिवस लागले.

"मिस्त्री, तुमची रीत गोगलगाईची," ते म्हणाले. तेव्हापासून चाकी वहीप्रमाणे फिरू लागली. नूरुद्दीन स्वतःचा अंदाज मनाशीच ठेवी.

तीन महिन्यांनी सुकं जळण संपलं. ओली लाकडं आली, वाफ मंदावली. फेऱ्याला दोनच डिग्री वाढू लागले. नूरुद्दीन हळूहळू दोनवर आला आणि आता रोज गुणवंतरावांना तसं सांगूही लागला. वही मात्र तीनलाच चिकटून राहिली; नव्वद दिवसांच्या जुन्या आकड्यांपुढे नव्या दहांचं काय चालणार? फळ्या ओल्याच बाहेर पडल्या आणि आठवड्यात वाकल्या. मालकाने बोल लावला तो मिस्त्रीला.

"आकडे खोटे कसे निघतील?" गुणवंतराव म्हणाले.

"आकडे खरेच हायेत, भाऊ. पण ते सुक्या लाकडाचे हायेत. दहा दिवसांपासून हेच सांगून राह्यलो. मले आता कंटाळा आला. तुमीच चालवा."

तो भरदुपारी घरी गेला. चिडचिडीत त्याला जेवण जाईना. "खाऊन घ्या," बायको कनीज म्हणाली, "भट्टी कुठी पळून नाई जात."

दोन दिवस स्वतः चाकी फिरवून हैराण झालेले गुणवंतराव तिसऱ्या दिवशी वही घेऊन दारात आले. "काय करावं, मिस्त्री?"

"हिशेब तुमचाच ठेवा, तो लवकर पोचते. फक्त दहा दिवसांपलीकडचं पान धरू नका."

त्यानंतरच्या फळ्या सरळ निघाल्या. महिन्याभरात भट्टीवर पाटी लागली, "गुणवंतराव पद्धत." नूरुद्दीनने ती वाचली, कपाळाला हात लावला आणि चाकी फिरवायला आत गेला.