शामरावांचं बोट

फुटबॉल हंगामातला शेवटचा सामना संपला, की आमचे शामराव गॅलरीतून उठता उठता मैदानातल्या एका पोराकडं बोट दाखवतात. "पुढच्या सीझनला ह्यो पेटतोय बघा!" कोल्हापुरात असं सांगणारा गॅलरीच्या पायरीपायरीला एक असतो, पण आमच्या पायरीवर शामरावांचा शब्द चालतो.

गेल्या वर्षी ते बोट विन्याकडं होतं. बाहेरच्या एका क्लबनं त्याला नुकतंच करारावर घेतलं होतं, तरी इथले सामने तो खेळायचाच. त्याचे पास चुकायचे, पण ते चुकणंही आम्हाला गोड वाटायचं. शिकेल की, वय काय त्याचं! यंदाही ते तसेच चुकले, तेव्हा पायरीवरून आवाज आला, "ह्याचं हे असंच."

तरुण खेळाडूचा खेळ आपण बघतच नाही. त्याच्यातून उद्या जो निघणार, त्याच्यासाठी टाळ्या वाजवतो; आणि तो निघाला नाही, की राग समोर घाम गाळणाऱ्यावर काढतो.

काल यंदाचा शेवटचा सामना संपल्यावर विन्या जाळीपलीकडं, अगदी आमच्यासमोर, बुटांच्या नाड्या सोडत बसला होता. शामराव उठले. बोट वर गेलं. ते दिसताच विन्याचा हात थांबला. तो ताठ बसला, जरासा हसलासुद्धा.

"ह्यो पेटतोय बघा!"

बोट त्याच्या डोक्यावरून पलीकडं गेलं होतं. विन्यानं हळूच मागं वळून बघितलं. तिथं एक नवा पोरगा उभ्यानं पाणी पीत होता. त्याला अजून काहीच ठाऊक नव्हतं.