पडवीतला दिवा

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. यजमानांपाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशी नाही. देवळात हात जोडून उभी राहते तेव्हा कधीकधी मनातल्या मनात शब्द जुळवायला जाते, आणि दुसरंच काहीतरी मागून परत येते. तुम्ही मला ओळखत नाही. कदाचित म्हणूनच तुमच्यापाशी बोलवतंय.

नऊ वर्षं होत आली. सोलापुरात आमच्या पेठेत तेव्हा घरोघरी विजेचे दिवे नुकते येऊ लागले होते. यजमान गिरणीत कारकून. घरात आम्ही तिघं — हे, मी आणि यांची थोरली बहीण नीलाक्का. सासूबाई गेल्या तेव्हा हे चार वर्षांचे होते. त्यांना नीलाक्कांनीच वाढवलं, आणि स्वतः विधवा झाल्यावर त्या कायमच्या आमच्याकडेच आल्या. मला मूलबाळ नव्हतं. त्यावरून बोलणारे पुष्कळ होते. नीलाक्का कधी एक शब्द बोलल्या नाहीत.

मला एक खोड होती. कुणी हाताचं काम करायला लागलं की मी बघत उभी राहायची. गवंडी असो, कल्हईवाला असो. मोरीतला नळ एकदा रात्रंदिवस ठिबकायला लागला. यजमान म्हणाले, माणूस बोलावतो. माणूस काही येईना. शेवटी मी बाहेरची चावी बंद केली, नळाचं डोकं पान्यानं फिरवून काढलं. आतली चामड्याची चकती झिजून गेली होती. यांच्या जुन्या चपलेचं चामडं कातरून तेवढीच चकती केली आणि बसवली. नळ थांबला. नीलाक्का म्हणाल्या, "तुझ्या हाताला लई अक्कल हाय गं." दहा जणींना त्यांनी ते सांगितलं. मला किती गोड वाटलं म्हणून सांगू!

हे का सांगते आहे मी? त्या चकतीनं काही कुणाचा जीव घेतला नाही. पण त्या दिवसापासून मला वाटायला लागलं, की नुसतं बघून मला सगळं येतं.

विजेचं काम करायला मारुती आला. मोहोळकडचा, शेतकऱ्याघरचा. तीसेक वर्षांचा असेल. एका कंत्राटदाराच्या हाताखाली वायरमन म्हणून लागला होता, आणि त्या कामाचा त्याला भारी अभिमान. पुढच्या खोलीत एक दिवा, माजघरात एक. तार सोलायची कशी, दोन टोकांना पीळ द्यायचा कसा, वर काळी चिकट पट्टी गुंडाळायची कशी — मी दारात उभी राहून सगळं बघितलं. त्यानं कधी तोंड वाकडं केलं नाही. उलट समजावून सांगायचा. "वैनी, मेन बंद केल्याबिगर कशाला हात लावायचा न्हाय. लई वंगाळ चीज हाय ही." मागच्या पडवीत दिवा नंतर करून देतो म्हणाला. उरलेली तार आणि दिव्यासकट एक होल्डर त्यानं कोनाड्यात ठेवून दिला.

पडवीत आमची चूल होती, आणि चुलीला लागूनच मोरी. नीलाक्कांना डोळ्यांनी कमी दिसायचं. तांदळातले खडे त्या बोटांनी चाचपून काढायच्या. मारुतीला यायला उशीर होत होता — आठ दिवस झाले, पंधरा झाले.

नीलाक्कांसाठी केलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. त्या चाचपून निवडायच्या, आणि त्यांचं चाललं होतं. मला करून बघायचं होतं. एवढंच.

एका दुपारी नीलाक्का कीर्तनाला गेल्या होत्या. मी मेन बंद केला, स्टुलावर चढले आणि माजघरातल्या दिव्याच्या तारेला आपली तार जोडली. काळी पट्टी नव्हती. नीलाक्कांच्या सवाष्णपणीच्या जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी फाडली, मेण लावून घट्ट गुंडाळली. तार भिंतीवरून पडवीत नेली. मध्ये आधार हवा होता. मोरीच्या वर एक मोठा खिळा होता — कपडे वाळत घालायची लोखंडी तार त्याच खिळ्याला बांधलेली. माझी तार मी त्या खिळ्यावरूनच वळवून घेतली. मारुतीनं लाकडी पट्टीतून नेली असती. मी खिळ्यावरून नेली.

होल्डर बसवून मेन सुरू केला, आणि दिवा लागला. आता काय सांगू — मी एकटीच पडवीत उभी राहून हसले.

संध्याकाळी हे घरी आले. दिवा बघून त्यांनी विचारलं, "मारुती येऊन गेला वाटतं?"

मी केलं म्हणाले असते तर रागावले असते. फार नाही, चार शब्द बोलले असते. मी म्हणाले, "हो. येऊन गेला."

इतकं लहान होतं ते.

त्यानंतर दोन महिने काही झालं नाही. नीलाक्का त्या उजेडात बसून तांदूळ निवडायच्या आणि मारुतीला दुवा द्यायच्या. मी ऐकायची. ओल्या लुगड्यांच्या भारानं कपड्यांची तार झुलत होती, खिळ्यावर माझी तार घासून तिचं वरचं वेष्टण झिजत होतं, आणि ते कुणालाच दिसत नव्हतं.

श्रावणातली सकाळ होती. आभाळ इतकं भरलेलं, की दिवे लावावे लागले होते. नीलाक्का आंघोळ करून मोरीतच ओल्या दगडावर उभ्या होत्या. पिळलेलं लुगडं त्यांनी तारेवर टाकलं. मी चुलीपाशी पाठमोरी होते. ओरडल्यासुद्धा नाहीत. घशात अडकल्यासारखा काहीतरी आवाज आला. वळून बघते तर त्यांची मूठ तारेवर आवळलेली, आणि सगळं अंग ताठ.

मला एका क्षणात कळलं. मी त्यांच्याकडे धावले नाही, मेनकडे धावले. बंद केला. परत आले तेव्हा त्या खाली पडल्या होत्या. डॉक्टर आले, नाडी बघितली आणि नीलाक्का गेल्या म्हणाले. वहिनीनं डोकं ठिकाणावर ठेवलं, नाहीतर दुसरी पण गेली असती, असं शेजारी म्हणाले. माझं कौतुक झालं त्या दिवशी. ऐकताय ना? कौतुक.

पोलीस पंचनामा करून गेले. तिसऱ्या दिवशी कंत्राटदार मारुतीला घेऊन आला. पुढच्या खोलीत पेठेतली दहा-बारा माणसं जमली होती. मी दाराच्या आड उभी होते. मारुती शपथेवर सांगत होता, की हे काम त्याचं नाही. जोड काढून तो सगळ्यांना दाखवत होता. "म्या काळी पट्टी लावतो, साहेब. हे लुगड्याचं फडकं हाय, बघा की! असलं काम म्या कशाला करीन?"

हिरवी चिंधी त्याच्या हातात होती. कुणाचं लुगडं, कुणी फाडलं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. घरातल्या बाईनं वीज जोडली असेल, हे कुणाच्या स्वप्नातसुद्धा आलं नसतं. यजमानांनी उठून त्याच्या थोबाडीत मारली. ज्यांनी कधी मांजरावर हात उगारला नाही, त्यांनी.

तेव्हा तो दाराकडे वळला. मी आड होते, पण माझे पाय त्याला दिसत असणार. "वैनी, तुमी तरी सांगा. म्या आलतो का हितं त्यानंतर? सांगा की, वैनी!"

सगळे दाराकडे बघू लागले. मला वेळ होता. अचानक तोंडातून निघून गेलं, असं नाही झालं. मी विचार केला. आपण नीलाक्कांना मारलं, हे यांना कळलं तर हे माझं तोंड बघणार नाहीत, असा विचार केला. मारुतीला बायको आहे, त्याचाही विचार केला. आणि मग बोलले.

"हो. आला होता."

कंत्राटदारानं त्याला तिथल्या तिथं कामावरून काढलं. पुढं खटला काही उभा राहिला नाही, पण पेठेत त्याला कुणी उंबऱ्याच्या आत घेईना. महिन्या-दोन महिन्यांत बिऱ्हाड घेऊन तो मोहोळला गेला, असं कानावर आलं. मला बरं वाटलं. तो दिसणार नाही म्हणून बरं वाटलं.

दिसला. गेल्या वर्षी आम्ही दोघं मोटारीनं माझ्या माहेरी, टेंभुर्णीला निघालो होतो. मोहोळात मोटार थांबली. इंजिनात पाणी ओतायला एक माणूस डबा घेऊन आला — अर्धे केस पिकलेले, वाळलेला. मी तोंड फिरवलं, पण त्यानं ओळखलं होतं. डबा खाली ठेवून तो खिडकीशी आला. यजमान ताठ होऊन बसले. तो माझ्याशीच बोलला.

"वैनी, लई इचार केला म्या. पयलं वाटायचं, म्या आलोच न्हवतो. मग वाटाया लागलं, आलो आसंन. तुमी कशाला खोटं बोलाल? माझ्याच डोस्क्यातनं गेलं आसंल. चार घरची कामं एका दिशी करायचो, कुटंतरी घाई केली आसंल. माझ्या हातनं गेल्या अक्का." त्यानं खिडकीच्या कडेवर दोन्ही हात ठेवले. "माफी करा, वैनी."

चालक अजून खाली होता. तेव्हाही मला वेळ होता.

मी म्हणाले, "झालं ते झालं. आमच्या मनात काही नाही."

त्यानं मुंडाशाच्या शेवानं डोळे पुसले, यजमानांना रामराम घातला आणि डबा उचलून गेला. मोटार सुटली. मोहोळ मागं पडल्यावर हे माझ्याकडे वळले. मग म्हणाले, तुझं मन फार मोठं आहे, मला हे जमलं नसतं. टेंभुर्णीला पोचल्यावर त्यांनी माझ्या भावालाही ते सांगितलं, भावजयीलाही सांगितलं. मी तिथंच बसले होते. मी ते ऐकून घेतलं.